दार नसलेल्या घराचा नकाशा

घराचा नकाशा आपण कधी बारकाईने पाहिला आहे काय? भिंत जिथे तुटते तिथे एक आखूड रेघ असते आणि तिला लागून पाव वर्तुळाची कमान. रेघ म्हणजे दाराची फळी. कमान म्हणजे ती फळी उघडताना कुठवर फिरेल त्याची खूण. शनिशिंगणापूरला मी एका घराच्या वाढीव खोलीचा नकाशा काढायला बसलो, तेव्हा ही कमान मला एकदाही काढावी लागली नाही!

नगरहून (आता अहिल्यानगरहून म्हणायचे) संभाजीनगरच्या रस्त्याने निघावे, घोडेगावला आत वळावे, की नेवासे तालुक्यातले हे गाव लागते. इथला शनिदेव उघड्या चौथऱ्यावर उभा. त्याला छप्पर नाही. आणि त्याच्या भरवशावर गावातल्या घरांना दारे नाहीत, नुसत्या चौकटी आहेत. फार तर एखादा पडदा, नाहीतर कुत्री आत येऊ नयेत म्हणून रात्री आडवी लावलेली फळी. 2011 मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तिलाही नेहमीचे कुलूप नाही म्हणून केवढा गवगवा झाला. 2015 मध्ये पोलीस ठाणे आले. चोरीच्या तक्रारी अगदीच झाल्या नाहीत असे नव्हे, पण चौकटी अजून चौकटीच आहेत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे घर या गावात आहे. धाकट्या मुलाचे लग्न ठरलेले, म्हणून मागच्या अंगाला दहा बाय बाराची एक खोली काढायची होती. मी म्हटले, “कच्चा नकाशा मी काढतो.” ही हौस फुकटची नव्हे. काही वर्षांपूर्वी आईला जिना चढवेना म्हणून मी आमच्या परसात एक खोली काढायचे ठरवले, नकाशाचे मापही स्वतः घेतले, आणि कागद जसाच्या तसा परत आला. का, तर मापे घेतली ती आतल्या आत! नऊ इंचांची भिंत या बाजूला, नऊ इंचांची त्या बाजूला. दीड फूट मी जमेस धरलाच नव्हता, आणि तेवढीच हद्दीलगतची मोकळी जागा कमी पडत होती. त्या फेऱ्यांत पावसाळा उलटला, आणि आईने ते चार महिने बाहेरच्या खोलीत काढले. तेव्हापासून मी आधी बाहेरून मापतो, मग आतून, आणि दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय पेन्सिल हातात घेत नाही.

मापाची दुसरी गंमत अशी, की गवंडी बोलतो फुटांत आणि नियम बोलतात मीटरांत. जुने मिस्त्री आठ फुटांना एक इंच धरत. म्हणजे एकास शहाण्णव. आता प्रमाण एकास शंभर. आलेखाचा कागद घ्यावा, एका सेंटिमीटरला एक मीटर धरावा, की झाले. दहा बाय बारा फुटांची खोली 3.05 बाय 3.66 मीटर भरते. क्षेत्रफळ अकरा चौरस मीटरच्या थोडे वर. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर आणि 2.4 मीटर रुंदी सांगितली आहे, तेव्हा ती काळजी मिटली. उभे बांधकाम काळ्या रेषेत, नवे तांबड्यात, पाडायचे असेल ते पिवळ्या तिरप्या रेघांत. उत्तर दिशेचा बाण मात्र हटकून विसरतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. 2021 मध्ये राज्याच्या ग्रामविकास खात्याने खेड्यांतल्या लहान बांधकामांना नगररचनाकाराच्या परवानगीतून मोकळे केले. भूखंड सुमारे सोळाशे चौरस फुटांपर्यंत असेल तर मालकीचे कागद, नकाशा आणि नियमांप्रमाणे असल्याचा परवानाधारक तज्ज्ञाचा दाखला ग्रामपंचायतीकडे द्यायचा. त्यापुढे बत्तीसशे फुटांपर्यंत पंचायतीचा बांधकाम सुरू करण्याचा दाखला घ्यायचा. म्हणजे आपण काढलेल्या नकाशावर शेवटी सही परवानावाल्याचीच लागते. पण मापे चोख असली तर त्याचे काम सोपे होते आणि आपल्या घराचा विचार आपणच केलेला असतो.

तो विचार मी केला नव्हता, हे मला सहकाऱ्याच्या आईने दाखवून दिले.

कागद जमिनीवर पसरला होता. नवी चौकट मी जुन्या चौकटीच्या नेमकी समोर काढली होती. वारा आरपार खेळावा म्हणून. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “दादा, ह्ये रस्त्याकडचं उघडं, आन् ह्ये खोलीचं उघडं?”

“हो आई. उजेड छान येईल.”

“उजेड यील, आन् मानसंबी. यात्रेकरू वाकून वाकून बघत्यात. नव्या सुनंनं कुठं बसावं?”

मी गप्प झालो. आपल्या घरात हा प्रश्न दाराची फळी सोडवते, म्हणून नकाशा काढताना तो डोक्यातच येत नाही. इथे सून आपल्या खोलीत मोकळेपणी बसणार की नाही हे त्या एका फटीच्या जागेवर ठरणार होते. पडदा वाऱ्याने उडतो.

मग मी फूटपट्टी घेतली. तिचे एक टोक रस्त्याच्या कडेवर ठेवले, पट्टी पुढच्या चौकटीतून मागच्या चौकटीत नेली. ती थेट खाटेवर जाऊन टेकली! रस्त्यावरच्या दुसऱ्या, तिसऱ्या जागेवरून लावून पाहिली, तरी खाट काही सुटेना. चौकट पुसून कोपऱ्याकडे साडेतीन फूट सरकवली. तरीही उशाचा भाग दिसत होता. शेवटी आत तीन फुटांची आडभिंत घातली तेव्हा पट्टी विटेवर अडली. वारा अडेल म्हणून उत्तरेला खिडकी वाढवली, आणि आडभिंतीपाशी वळायला जागा राहावी म्हणून खोलीची लांबी फूटभर. सुदैवाने मागे परस होता.

दारे-खिडक्यांच्या तक्त्यात दारापुढे मी तीन बाय सात असे माप लिहिले आणि शेऱ्यात “नुसती चौकट”. सहकारी हसला; म्हणाला, “इथल्या मिस्त्रीला ते लिहून सांगावं लागत नाही, साहेब.”

म्हातारीने पट्टी आपल्या हाती मागितली, रस्त्याच्या रेघेवर ठेवली आणि पुन्हा एकदा स्वतः लावून पाहिली.