क्षमा आणि न्याय

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन नगरीत इमॅन्युएल नावाचे कृष्णवर्णीयांचे एक जुने चर्च आहे. १७ जून २०१५ रोजी, बुधवारी सायंकाळी, तेथे बाराजण बायबलच्या अभ्यासासाठी जमले होते. मार्ककृत शुभवर्तमानातील बी पेरणाऱ्याचा दाखला त्या दिवशी वाचनास घेतला होता. एक अनोळखी गौरवर्णीय तरुण आत आला. त्याला आदराने बसवून घेण्यात आले. सुमारे तासभर तो त्या मंडळींत बसला आणि अखेरच्या प्रार्थनेसाठी सर्वांनी डोळे मिटले, तेव्हा त्याने पिस्तूल झाडले. नऊजण मृत्युमुखी पडले. चर्चचे पाळक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य क्लेमेंटा पिंकनी हे त्यांपैकी एक होत. या कृत्यामागे वर्णद्वेषच होता, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले.

या मंडळीला असे दुःख नवे नव्हते. तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी डेन्मार्क व्हेसी याला गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून १८२२ मध्ये फाशी देण्यात आले आणि तिचे प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त करण्यात आले. १८३४ मध्ये नगरातील कृष्णवर्णीयांच्या चर्चांवर बंदी आली, तेव्हा ही माणसे यादवी युद्ध संपेपर्यंत गुप्तपणे उपासना करीत राहिली.

हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी आरोपीला न्यायाधीशापुढे आणण्यात आले. मृतांच्या आप्तांना बोलण्याची संधी मिळाली आणि त्यांतील काहींनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले. आईला पुन्हा कधीही कवटाळता येणार नाही असे सांगतच एका कन्येने त्याला क्षमा केली. एका आप्ताने त्याला पश्चात्ताप करण्याचे आवाहन केले. एका भगिनीने मात्र आपल्याला फार संताप आल्याचे प्रांजळपणे सांगितले, आणि तरीही द्वेषाला आपल्या घरात जागा नाही असेही म्हटले.

हे शब्द जगभर पोहोचले आणि त्यांचा गैरअर्थही झाला. क्षमा झाली म्हणजे प्रकरण मिटले, असे अनेकांना वाटले. ख्रिस्ती विचारात क्षमेचा अर्थ तसा नाही. अपराध हा अपराध आहे असे ठरल्यावाचून क्षमेला विषयच उरत नाही. क्षमा करणारा सूडाचा हक्क सोडतो. सत्याचा आणि न्यायाचा आग्रह सोडीत नाही. त्याच बायबलमध्ये ‘विलापगीत’ नावाचा एक संपूर्ण ग्रंथ आहे आणि स्तोत्रांतून देवालाच जाब विचारणारा आक्रोश आहे. म्हणजे शोक व संताप यांनाही त्या श्रद्धेत मानाचे स्थान आहे.

म्हणूनच ज्यांना त्या दिवशी क्षमा करता आली नाही, त्यांची श्रद्धा उणी ठरत नाही. काहींना त्यासाठी वर्षे लागली. पीडितांनी तत्काळ क्षमा करावी अशी अपेक्षा कृष्णवर्णीयांकडूनच का केली जाते, हा प्रश्नही तेव्हा विचारला गेला, आणि तो रास्त होता. क्षमा हे दान आहे. ते मागून किंवा दडपणाने घेता येत नाही. ज्याचे माणूस गेले, त्यालाच ते देण्याचा अधिकार आहे. इतरांनी त्याच्या वतीने ते देणे म्हणजे स्वतःची जबाबदारी टाळणे होय.

समाजाची जबाबदारी निराळी असते. वर्णभेदाचे समर्थन करणाऱ्या जुन्या दक्षिणी राज्यसंघाचा ध्वज राज्याच्या विधानभवनाच्या आवारात फडकत होता. तो १० जुलै २०१५ रोजी उतरविण्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये आरोपी सर्व ३३ आरोपांत दोषी ठरला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. पूर्वचौकशी अपुरी राहूनही त्याला पिस्तूल विकत मिळाले होते. या हलगर्जीपणाबद्दलच्या दाव्यांत केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीडितांना सुमारे ८ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

हत्येनंतरच्या पहिल्याच रविवारी त्या चर्चमध्ये उपासना झाली, आणि पुढे बुधवारचा बायबल-अभ्यासही पुन्हा सुरू झाला. आप्तांनी आपल्या परीने द्वेषाला नकार दिला. तो द्वेष ज्या व्यवस्थेत पोसला जातो, ती बदलण्याचे काम मात्र क्षमेने संपत नाही. ते सर्व नागरिकांकडे उरते.