उत्तेजक चाचणी : नॅनोग्रॅमची साक्ष

रिओ ऑलिम्पिकमध्ये १९ ऑगस्ट २०१६ रोजी ७४ किलो वजनी गटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत नरसिंग यादव उतरणार होता. 'महाराष्ट्र केसरी'ची गदा तीन वेळा पटकावणारा आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविणारा हा मुंबईकर मल्ल मॅटवर आलाच नाही. आदल्याच दिवशी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली होती. त्याच्या मूत्रनमुन्यांत मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडचे अंश सापडले होते. आपल्या पेयात कोणीतरी ही भुकटी मिसळली, हा त्याचा बचाव भारतातील शिस्तपालन समितीने १ ऑगस्ट रोजी मान्य केला होता. लवादापुढे मात्र कॅनडातील मॉन्ट्रिअलच्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्तियान आयोत यांचे मत निर्णायक ठरले. पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके अधिक होते, की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून आलेले नसून एक-दोन गोळ्या घेतल्यामुळे आले असावे, असे त्यांनी सांगितले.

मूठभर मूत्रावरून, खेळाडूला कधीही न पाहिलेला शास्त्रज्ञ इतके नेमके विधान करू शकतो, हे सामान्य क्रीडाप्रेमीला चमत्कारिक वाटते. प्रत्येक प्रकरणात कारस्थान, सूडबुद्धी आणि सहानुभूती यांचा धुरळा उडतो, आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्षात काय घडते हा मूळ प्रश्न मागे पडतो. ज्या अहवालावर खेळाडूचे आयुष्य टांगलेले असते, तो तयार कसा होतो आणि त्याची मर्यादा कोठे संपते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

नाव नसलेली बाटली

खेळाडूचा नमुना त्याच्याच लिंगाच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत घेतला जातो. किमान ९० मिलिलिटर मूत्र लागते. ते 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत खेळाडू स्वतः ओततो आणि स्वतःच सीलबंद करतो. बाटलीवर केवळ सांकेतिक क्रमांक असतो. नमुना कोणाचा आहे, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते. प्रथम 'ए' बाटली तपासली जाते. त्यात काही आढळले, तर खेळाडूला किंवा त्याच्या प्रतिनिधीला उपस्थित राहण्याची संधी देऊन 'बी' बाटली उघडता येते.

ही दुसरी बाटली केवळ उपचार नाही. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स २००६ मध्ये 'ए' नमुन्यात दोषी आढळली होती. 'बी' नमुन्याने त्याला दुजोरा दिला नाही आणि ती त्या आरोपातून मुक्त झाली. पुढच्याच वर्षी तिने सिडनी ऑलिम्पिकच्या काळात वेगळेच स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली आणि पाचही पदके गमावली. निर्दोष सुटणे आणि निर्दोष असणे यांतील अंतर या एका उदाहरणात दिसते.

रेणूंची ओळखपरेड

ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक चाचण्या १९६८ पासून सुरू झाल्या. मेक्सिको सिटीत पहिला दोषी ठरला तो स्वीडनचा एक आधुनिक पेंटॅथलॉनपटू, आणि तोही मद्यामुळे! स्टेरॉइड शोधण्याची चाचणी १९७६ मध्ये मॉन्ट्रिअल येथे आली. या विलंबाचे कारण शरीराच्या रसायनशास्त्रात आहे. पोटात गेलेले स्टेरॉइड मूत्रात जसेच्या तसे क्वचितच उतरते. यकृत त्याची रचना बदलते आणि ते पाण्यात सहज विरघळावे म्हणून त्याला शर्करेपासून बनलेल्या आम्लाची जोड देते. प्रयोगशाळेला मूळ औषधाबरोबरच त्याच्या या बदललेल्या अवशेषांचाही माग काढावा लागतो.

त्यासाठी प्रथम विकराच्या साहाय्याने ही जोड तोडली जाते. नंतर योग्य द्रावकाने स्टेरॉइडे मूत्रातून बाहेर काढली जातात आणि उष्णतेने त्यांची वाफ व्हावी म्हणून त्यांवर रासायनिक प्रक्रिया केली जाते. मग गॅस क्रोमॅटोग्राफचे काम सुरू होते. केसासारख्या बारीक पोकळीच्या, अनेक मीटर लांबीच्या वेटोळ्या नळीतून ही वाफ सोडली जाते. नळीच्या आतील लेपाला प्रत्येक संयुग कमी-अधिक चिकटते, त्यामुळे एकत्र निघालेली संयुगे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडताच मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. रेणू फुटतो आणि त्याच्या तुकड्यांची वजने मोजली जातात. प्रत्येक रेणू ठरावीक पद्धतीनेच फुटतो. बाहेर पडण्याची वेळ आणि तुकड्यांचा नमुना, या दोन्ही गोष्टी शुद्ध संदर्भद्रव्याशी जुळल्या, तरच ओळख पटली असे मानतात.

याच तंत्राने १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकमध्ये बेन जॉन्सनला पकडले. शंभर मीटरचे अंतर ९.७९ सेकंदांत कापून त्याने जगाला थक्क केले होते. स्टॅनोझोलोलचे अवशेष सापडल्यामुळे तीनच दिवसांत सुवर्णपदक त्याच्याकडून काढून घेण्यात आले. पुढे कॅनडातील चौकशीत तो अनेक वर्षे स्टेरॉइड घेत असल्याचे उघड झाले. स्पर्धेपूर्वी वेळेवर औषध थांबविणारा खेळाडू स्पर्धेच्या दिवशी 'स्वच्छ' ठरतो, हा धडा त्यातून मिळाला. स्पर्धा नसतानाही अचानक चाचणी घेण्याची पद्धत आज अपरिहार्य मानली जाते, ती यामुळेच.

देहाचे आपले आणि परके

शरीरात जे द्रव्य मुळातच नसते, ते सापडले की प्रश्न मिटतो. टेस्टोस्टेरॉन हे मात्र प्रत्येकाच्या शरीरात असते. बाहेरून घेतलेला रेणू आणि शरीराने बनविलेला रेणू रचनेने एकसारखेच असतात. येथे प्रयोगशाळेला खऱ्या अर्थाने नीरक्षीरविवेक दाखवावा लागतो.

जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड डोनिके यांनी १९८० च्या दशकात त्यावर एक युक्ती काढली. टेस्टोस्टेरॉनबरोबर शरीर एपिटेस्टोस्टेरॉन नावाचे जुळे संयुगही बनविते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले, की पहिल्याचे प्रमाण वाढते आणि दुसऱ्याचे वाढत नाही. हे गुणोत्तर सहापेक्षा जास्त असेल तर संशय घ्यावा, असे ठरले. पुढे ही मर्यादा चारवर आणली गेली. परंतु सर्वांना एकच माप लावण्यात धोका होता. मूत्रातून टेस्टोस्टेरॉन बाहेर टाकण्यास मदत करणारे एक जनुक पूर्व आशियातील अनेकांमध्ये नसते. अशा व्यक्तीने औषध घेतले तरी तिचे गुणोत्तर मर्यादेच्या आत राहू शकते. याउलट, एखाद्याचे गुणोत्तर निसर्गतःच जास्त असते आणि विनाकारण तो संशयाच्या घेऱ्यात सापडतो.

अंतिम निवाडा कार्बनच्या अणूंकडून मिळतो. निसर्गातील दर शंभर कार्बन अणूंमागे साधारण एक अणू किंचित जड, म्हणजे कार्बन-१३ असतो. ज्वारी, मका आणि ऊस या पिकांत या जड अणूंचे प्रमाण गहू, तांदूळ किंवा सोयाबीनपेक्षा थोडे अधिक असते. मनुष्य दोन्ही प्रकारचे अन्न खातो, त्यामुळे त्याच्या शरीरात बनलेल्या टेस्टोस्टेरॉनमध्ये या दोहोंचा मिलाफ असतो. औषधी टेस्टोस्टेरॉन मात्र बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून बनवितात, म्हणून त्यात जड कार्बन कमी भरतो. तुलना त्याच व्यक्तीच्या मूत्रातील दुसऱ्या नैसर्गिक स्टेरॉइडशी केली जाते. त्यामुळे खेळाडू भाकरी खाणारा आहे की भात, याने निष्कर्ष बदलत नाही. २००६ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या फ्लॉइड लँडिसचे विजेतेपद ज्या पुराव्यांमुळे गेले, त्यांत हा कार्बनचा पुरावाही होता.

रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे ईपीओ हे संप्रेरक ओळखण्यासाठी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून विद्युतभारातील फरकाचा आधार घेतला जाऊ लागला. स्वतःचेच रक्त साठवून पुन्हा चढविणाऱ्याच्या शरीरात मात्र परके असे काहीच नसते. त्यासाठी २००९ पासून 'जैविक पारपत्रा'ची पद्धत रूढ झाली. खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात आणि तो स्वतःच्याच नेहमीच्या पातळीपासून किती ढळला, हे तपासले जाते.

चोरावर मोर

प्रयोगशाळेला जे माहीत नाही, ते ती शोधत नाही. अमेरिकेतील 'बाल्को' प्रकरणात नेमका याचाच फायदा घेण्यात आला होता. टीएचजी हे स्टेरॉइड कोणत्याही यादीत नव्हते आणि नेहमीच्या पद्धतीत, वाफ करण्याच्या टप्प्यावरच त्याचा रेणू मोडून पडत असे. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सुई निनावीपणे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी यंत्रणेकडे पाठविली. लॉस एंजलिस येथील डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने सुईतील अवशेषांवरून रेणूची रचना उलगडली आणि वाफ न करता द्रवरूपातच त्याचा शोध घेणारी चाचणी तयार केली. साठवलेले नमुने पुन्हा तपासताच नावे बाहेर पडू लागली.

जुन्या औषधांचे नवे अवशेषही असेच सापडतात. जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी २००६ मध्ये मेथॅन्डिएनोनचा एक दीर्घजीवी अवशेष शोधला. पाच मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर तो १९ दिवसांपर्यंत दिसत होता. मूळ औषध लवकर नाहीसे होते, काही अवशेष थोडे अधिक टिकतात आणि काही आठवडे रेंगाळतात. नमुन्यात यांपैकी कोण किती प्रमाणात आहे, यावरून मात्रा आणि काळ यांचा अंदाज बांधता येतो. गोळी की भुकटी, या वादात तज्ज्ञाला मत देता येते ते अशाच आधारांवर.

आता नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचे नमुने नव्या पद्धतींनी पुन्हा तपासले गेले, तेव्हा शंभराहून अधिक खेळाडू दोषी आढळले. ज्यांना पदके नंतर मिळाली, त्यांच्या वाट्याला विजयमंचावरचा तो क्षण मात्र आला नाही.

किती म्हणजे किती?

यंत्रे सूक्ष्मदर्शी झाली, तसा नवा पेच उभा राहिला. सायकलपटू आल्बेर्तो कोन्तादोर याच्या २०१० मधील नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले, ते प्रति मिलिलिटर ५० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. प्रयोगशाळांना किमान जेवढे ओळखता आले पाहिजे, असे बंधन होते, त्याच्याही चाळीसपट कमी हे प्रमाण होते. दूषित मांसातून ते आल्याचे त्याने सांगितले, पण २०१२ मध्ये लवादाने त्याला दोन वर्षांच्या बंदीची शिक्षा दिली. त्यानंतर 'वाडा' या जागतिक संस्थेने अशा अत्यल्प प्रमाणांच्या प्रकरणांत मांसाच्या शक्यतेची आधी चौकशी करण्याची तरतूद केली.

मूळ नियम कठोरच आहे. आपल्या शरीरात जे सापडेल, त्याला खेळाडू जबाबदार. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारताच्या चौघींपैकी तिघी २०११ मध्ये दोषी आढळल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांकडे त्यांनी बोट दाखविले. देशात एक वर्षाची बंदी झाली, ती लवादाने दोन वर्षांची केली. द्रव्य होते की नव्हते, याचे उत्तर यंत्र देते. ते कोणत्या डब्यातून आले आणि खेळाडूच्या मनात काय होते, हे यंत्राला विचारता येत नाही. त्याचा निवाडा पुरावे आणि युक्तिवाद यांवर होतो, आणि पुरावे उभे करण्याचा भार खेळाडूवर असतो.

कुंपणाची राखण

ही सारी व्यवस्था प्रयोगशाळेच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कुंपणानेच शेत खाल्ले. प्रयोगशाळेच्या भिंतीतील छिद्रातून रात्री बाटल्या बाहेर देऊन रशियन खेळाडूंचे नमुने बदलले गेले, हे २०१६ मधील मॅक्लॅरेन यांच्या अहवालांनी उघड केले. न उघडणाऱ्या समजल्या जाणाऱ्या झाकणांच्या आतील ओरखडे आणि मूत्रातील मिठाचे अस्वाभाविक प्रमाण, हे त्याचे पुरावे होते.

दिल्लीतील राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेला २००८ मध्ये 'वाडा'ची मान्यता मिळाली. तिच्या कार्यपद्धतीत उणिवा आढळल्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये ती निलंबित झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा मिळाली. तोपर्यंत भारतीय खेळाडूंचे नमुने परदेशी पाठवावे लागत होते. २०२२ मध्ये संसदेने उत्तेजकविरोधी कायदा करून या प्रयोगशाळेला वैधानिक आधार दिला.

कायद्याने अधिकार मिळतो, विश्वास मात्र रोजच्या कामातून कमवावा लागतो. तालमीत घाम गाळणारा एखादा तरुण मल्ल दुकानातून आणलेला पूरक आहाराचा डबा उघडतो, तेव्हा त्यात काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ते शोधून काढण्याची क्षमता प्रयोगशाळेकडे असते, पण त्याचा नमुना तेथे पोहोचेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. डबा उघडण्यापूर्वीच त्याला सावध करणारे कोणी तालमीत असेल, तर पुष्कळशी साक्ष देण्याची वेळच येणार नाही.