डॉक्टर गावात टिकतो कशाने?

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर 10 लाख रुपये भरायचे. बोलीभाषेत याला नुसते ‘बॉण्ड’ म्हणतात. बॉण्डवर प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेला तरुण दिवसा ओपीडी उरकतो आणि रात्री क्वार्टरमध्ये पीजीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. साडेपाच वर्षे तो ज्यांच्या हाताखाली शिकला ते सारे स्पेशालिस्ट. तालुक्याच्या गावी साधी प्रॅक्टिस करून समाधानी असलेला शिक्षक त्याने पाहिलेलाच नसतो.

अभ्यासक्रमात खेड्याला जागा नाही, असेही नाही. भोर समितीने 1946 मध्येच समाजाकडे पाहणारा डॉक्टर घडवा असे सांगितले होते. 2022 पासून तर पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे दत्तक दिली जातात. कल्पना चांगली, पण बस सकाळी जाऊन दुपारी परतणार असेल, तर हाती लागते ती लॉगबुकवरची सही.

सेवाग्रामने हे अधिक मनापासून केले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमात जातात. पुढे अख्खी बॅच एका गावात शिबिराला मुक्काम करते आणि त्या गावाशी जोडलेली राहते. पूर्वी प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. खादी आणि श्रमदानाची चर्चा खूप होते, पण खरी हुशारी मला दुसऱ्याच एका नियमात दिसते. तिथे पीजी करायचे, तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागातल्या स्वयंसेवी संस्थेत काम करावे लागे. म्हणजे विद्यार्थ्याला जे सर्वांत हवे असते, त्याची वाट गावातून काढली होती. ‘नीट’ ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा आली, प्रवेश तिच्या गुणानुक्रमाने होऊ लागले आणि संस्थेच्या हातातली निवडीची दोरी सुटली.

जपानने ही दोरी घट्ट धरली. तिथल्या सर्व 47 प्रांतांनी मिळून 1972 मध्ये तोचिगी इथे जिची वैद्यकीय विद्यापीठ उभारले. दरवर्षी प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुले निवडायची. फी कर्जाऊ द्यायची. पदवीनंतर नऊ वर्षे आपल्याच प्रांतात काम केले, त्यातला बराच काळ दुर्गम भागात काढला, की कर्ज माफ. मध्येच सोडणाऱ्याला सारी रक्कम परत करावी लागते, पण सोडणारे मोजकेच. नऊ वर्षांनंतर सगळेच खेड्यात राहत नाहीत; बहुतेक जण निदान आपला प्रांत सोडत नाहीत. आपल्या बॉण्डपेक्षा ही अट कितीतरी कडक आहे. फरक इतकाच, की ती प्रवेशाच्या दिवशी समजून-उमजून स्वीकारलेली असते आणि बदल्यात शिक्षण फुकट मिळते.

खेड्यात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुलांना प्रवेश देण्यावर भर आहे.

आपल्याकडे लातूर पॅटर्नमधून खेड्यातली मुले येतातच की, असे कुणी म्हणेल. येतात. पण त्यांच्या क्लासच्या फीसाठी घरच्यांनी कर्ज काढलेले असते, आणि डॉक्टर होऊन मुलगा गावी परतला तर भावकीत विचारतात, “शहरात जमलं नाही का?” शिवाय 2020 मध्ये राज्याने प्रवेशातला 70:30 चा विभागीय कोटा, म्हणजे 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देण्याचा नियम, काढून टाकला. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तिथल्या मुलांवर अन्याय होतो, ही तक्रार रास्तच होती. तरी जागा आणि प्रदेश यांना बांधणारा एक धागा त्यात तुटला.

नोकरीत आल्यावर काय? भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही, सिझेरियनची केस पुढे पाठवायची आणि वाटेत काही झाले तर नातेवाइकांचा राग झेलायचा. जोडीदाराच्या नोकरीचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न वेगळाच. आदिवासी भागातली फिरती वैद्यकीय भरारी पथके वर्षानुवर्षे चालवली ती मुख्यतः मानधनावरच्या बीएएमएस डॉक्टरांनी. सर्वांत अवघड जागी सर्वांत कमी पैसे, असा हा उलटा हिशेब.

आता गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. तिथल्या काही जागा त्याच जिल्ह्याच्या मुलांना, त्यांना पूर्ण फीमाफी, आणि ठरलेली सेवा झाल्यावर पीजीची हमी, या तीन गोष्टी एकत्र द्यायला हव्यात. एकेकट्या देऊन भागणार नाही. तसे झाले नाही, तर ही महाविद्यालयेसुद्धा पुण्या-मुंबईसाठीच डॉक्टर तयार करतील.