धुंदलवाडीची जमीन, लडाखचे डोंगर

नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन थरथरू लागली. एरवी एक मोठा धक्का बसतो आणि मागून येणाऱ्या लहान धक्क्यांचा जोर हळूहळू ओसरतो. इथे तसं झालं नाही. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या भागात महिनोन्महिने हजारो धक्के बसत राहिले. भूकंपशास्त्रात अशा मालिकेला ‘स्वॉर्म’ म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ क्षमतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर धावताना पडून हळदपाड्यातली दोन वर्षांची मुलगी दगावली. ऐन थंडीत माणसं तंबूत झोपू लागली.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गावांत भूकंपमापक बसवले. दुसरीकडे शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या रडारनोंदी तपासल्या आणि त्यांत जमीन खचल्याच्या खुणा सापडल्या.

हेच रडार कोरड्या, उंच डोंगरांतही कामाला येतं. लडाख, लाहौल किंवा चिलीच्या अँडीजमध्ये ‘रॉक ग्लेशियर’ असतात. वरून नुसता दगडगोट्यांचा ढीग दिसतो, पण आत बर्फ असतो आणि सगळा ढीग वर्षाला काही सेंटिमीटर ते मीटर-दोन मीटर उतारावरून सरकतो. छायाचित्रात तो आजूबाजूच्या दरडींत मिसळून जातो; वेगळा ओळखू येतो तो या सरकण्यामुळे. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारलहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. एकाच जागेच्या दोन वेळच्या नोंदी जुळवल्या, की त्याहून कितीतरी लहान हालचाल पकडता येते. हिमालयात असे सुमारे २५ हजार रॉक ग्लेशियर असल्याचा २०२१ मधला अंदाज आहे. उघड्या हिमनद्या आटत असताना दगडांखालच्या बर्फात साठलेलं हे पाणी मोजायलाच हवं.

लडाखच्या उघड्या खडकावर रडारला झाडाझुडपांचा अडथळा नाही. पालघरमध्ये मात्र साग, भातखाचरं आणि चार महिन्यांचा पाऊस. दोन नोंदींच्या मधल्या काळात झाडोरा बदलला की त्या नीट जुळतच नाहीत. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘निसार’ उपग्रहाकडून म्हणूनच मोठी आशा आहे. त्याच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे आणि ती पानाफांद्यांतून अधिक चांगली पार होते.

पालघरला जमिनीच्या हालचालींच्या नकाशाची गरज जुनीच आहे. सातिवली, कोकनेरची गरम पाण्याची कुंडं खोलवर गेलेल्या भेगांची साक्ष देतात. पावसाचं पाणी अशाच भेगांत मुरून तिथला दाब वाढवतं आणि त्यातून धक्के बसतात, असा एक तर्क मांडला जातो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, शेजारी बोईसरला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. मोठ्या प्रकल्पांना भूकंपाचा हिशेब मांडायला अभियंते असतात. पाड्यावरच्या घराला कोण आहे? कारवीच्या कुडाचं हलकं घर हादऱ्यात डोलतं, पण काँक्रीटच्या पट्ट्याशिवाय रचलेली विटांची भिंत माणसांच्या अंगावर कोसळते. म्हणून जमिनीवरच्या भूकंपमापकांच्या आणि आकाशातल्या रडारच्या नोंदी एकाच नकाशावर आणून तो ग्रामपंचायतींच्या हाती द्यायला हवा. कुठल्या पाड्यावरची अंगणवाडी, कुठली आश्रमशाळा आधी मजबूत करायची, हे त्यावरून ठरवता येईल.