निवासी शाळा निवडताना

दरवर्षी पाचवीचा वर्ग सुरू झाला की पालक बंधू-भगिनी आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : चांगली निवासी शाळा कोणती? आमचा उलट प्रश्न असतो की, चांगली कोणासाठी? शाळेचा निकाल भिंतीवर लावलेला असतो. आपले मूल तेथे कोणाबरोबर जेवेल, कोणाशी बोलेल, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

वसतिगृहाचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, ते याच जाणिवेतून. परंतु वसतिगृह मिळाले म्हणजे मूल तेथे रमले, असे होत नाही.

प्रथम अभ्यासाकडे पाहू. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे झाली. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा असते आणि ती एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. नववीपासून घेतला जाणारा विकास निधीही अनुसूचित जातीच्या मुलांना व सर्व मुलींना माफ आहे. एवढे ऐकून पालक हुरळून जातात. पण सुरुवातीला मातृभाषेतून शिकणारे मूल पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकते, हे त्यांना कोणी सांगत नाही. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील नवोदयला पाठवितात. धीट, बोलक्या मुलाला ही पर्वणी वाटते. अबोल मुलाची आधीपासून तयारी करून घ्यावी लागते. सातारची सैनिक शाळा १९६१ पासूनची, इंग्रजी माध्यमाची. तेथे मैदानाची ओढ हवीच. केवळ गणवेश रुबाबदार दिसतो म्हणून पुस्तकवेड्या मुलाला तिकडे ढकलू नये. समाजकल्याण खात्याच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या निवासी शाळाही आहेत. त्यांना नाक मुरडण्यापूर्वी एकदा जाऊन पाहावे. गणित-विज्ञानाचे शिक्षक पूर्णवेळ आहेत का, एवढी चौकशी मात्र अवश्य करावी.

आता राहण्याविषयी. शाळा पाहावयास जावे ते जेवणाच्या वेळी. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊन परतणाऱ्यास काहीच कळत नाही. पंगतीत मुले आपापल्या मर्जीने मिसळून बसतात की ठराविक मुले एका कडेला, हे पाहावे. वाढपी सर्वांना सारखे वाढतो का? खोल्या कशा वाटतात? एका खोलीत एकाच वर्गवारीची मुले दिसली तर कारण विचारावे, संकोच करू नये. मोठी मुले लहानांकडून कपडे धुऊन घेतात का, हे सहावीच्या मुलांना विचारावे. ती खरे सांगतात. ‘सवलतीवाले’ असा शब्द शिक्षकाच्याच तोंडी आला, तर तेवढ्यावरून आम्ही ती शाळा बाजूला ठेवू. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका रात्री तेथेच मुक्कामास असते का, आजारी मुलीला दवाखान्यात कोण नेते, घरी फोन कधी करता येतो, हे प्रश्न आईने विचारावेत. वडील बहुधा निकालाचेच विचारतात!

कागदपत्रांपैकी एकच गोष्ट. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या संस्थांतही अनुसूचित जातीचा लाभ मिळतो. मात्र त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. तो वेळेवर काढून ठेवावा.

प्रवेशानंतरचे पहिले काही आठवडे मूल रडणारच. ते घराच्या ओढीचे रडे असते, मित्र जोडला की कमी होते. पण दोन-तीन महिने उलटूनही मूल एकाही मित्राचे नाव घेत नसेल, अंथरूण ओले करू लागले असेल, सुटीवरून परत जाताना पोट दुखते म्हणत असेल, तर रागावू नये. रेक्टरला भेटावे, मुलाला एकटे घेऊन बसावे आणि नीट ऐकावे. मूल परत आणून गावच्या शाळेत घालावे लागले, तर त्यात नामुष्की नाही.

आणि पहिल्या भेटीला जाताना, शाळेची हरकत नसेल तर, डब्यात खोलीतील सगळ्या मुलांना पुरेल इतके न्यावे.