कलशाचे झाकण

आषाढ लागला, की जुन्या घरांची दारे कुरकुरू लागतात. उन्हाळ्यात सहज मिटणारे दार पावसाळ्यात चौकटीत अडते. त्याला खांदा लावावा लागतो. दिवाळी सरली, की तेच दार पुन्हा मुकाट्याने लागते. दार तेच, चौकटही तीच. मग मधल्या काळात घडते तरी काय? लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते व फुगते. हवा कोरडी झाली, की तो ओलावा सोडून देते व आक्रसते. झाड तोडून कितीही वर्षे लोटली, तरी लाकडाचा हा स्वभाव जात नाही.

दार अडले, तर सुतार त्यावर रंधा फिरवून ते सारखे करू शकतो. परंतु लाकडी कलशाला फिरवून बसणारे झाकण लावायचे असेल, तर कारागिराची खरी कसोटी लागते. युरोप-अमेरिकेत दहनानंतर आप्तांची रक्षा अशा कलशात जपून ठेवण्याची चाल पुष्कळ कुटुंबांत आहे. प्रौढ माणसाच्या रक्षेसाठी सुमारे २०० घनइंच, म्हणजे सव्वातीन लिटरांच्या आसपास जागा लागते. असा कलश पिढ्यान्‌पिढ्या घरात राहावयाचा असतो. त्याचे झाकण चुकून निसटता कामा नये. आणि घरच्या माणसांनी उघडू म्हटले, तर ते अडताही कामा नये.

असा कलश घडविणाऱ्या कारागिराला आपल्याकडे कातारी म्हणतात. तुमचा भोवरा आणि स्वयंपाकघरातील लाटणे ही कातकामाचीच उदाहरणे होत. सुतारकामात लाकूड स्थिर असते व हत्यार चालते; कातकामात लाकूड यंत्रावर गरगर फिरते आणि कातारी टेकूवर टेकवलेली पटाशी त्याला हलकेच भिडवितो. म्हणूनच कातलेली वस्तू गोल होते.

परंतु आज गोल असलेली वस्तू उद्या गोल राहीलच, असे नाही. लाकूड वाळताना उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ मुळीच आक्रसत नाही. आडवे मात्र चांगलेच आक्रसते. त्यातही, ओंडक्याच्या वर्तुळांना अनुसरून ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आक्रसते. त्यामुळे ओल्या लाकडातून कातलेला गोल कलश वाळल्यावर लंबगोल होतो. जाणता कातारी म्हणून घाई करीत नाही. तो प्रथम कलश ओबडधोबड कातून त्याच्या भिंती जाड ठेवतो. कलशाच्या व्यासाच्या सुमारे दहावा हिस्सा इतक्या. मग तो कलश महिनोन्‌महिने सावलीत वाळत ठेवतो. त्याला जितके वाकडे व्हायचे, तितके होऊ देतो, आणि त्यानंतरच पुन्हा यंत्रावर चढवून खरा गोल करतो.

पुढचे काम सर्वांत अवघड. कलशाचे पोट मोठे, पण तोंड लहान. लांब दांड्याचे वाकडे हत्यार त्या तोंडातून आत घालून पोट कोरावे लागते. आत काय चालले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. कातारी ते कानांनी ऐकतो. भिंत पातळ होऊ लागली, की हत्याराचा आवाज बदलतो. तो न ओळखता एकदा जरी हत्यार जास्त खोल गेले, तरी भिंत फुटते व कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात.

आता राहिले झाकण. लाकडातच आटे पाडले तर? मऊ लाकडातील आटे तुटतात. आणि कठीण लाकडातील आटे टिकले, तरी ऋतू बदलताच तोंडाचा आकार बदलतो. तीन इंच रुंदीचे लाकडी तोंड एका ऋतूतून दुसऱ्यात जाताना अर्धा मिलिमीटरदेखील हलू शकते. तेवढ्याच रुंदीचे पितळी कडे दहा अंश उष्णता वाढली, तरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून फारसे अधिक वाढत नाही. आणि ओलावा तर ते शोषीतच नाही. म्हणून कातारी तोंडाशी एक खाच कोरतो व तीत आतून आटे पाडलेले पितळी कडे बसवितो. खाच कड्याहून किंचित मोठी असते आणि मधली फट थोड्या लवचीक चिकट द्रव्याने भरलेली असते. लाकूड हलले, तर तो ताण ते द्रव्य सोसते. कडे मात्र गोलच राहते. झाकणही धातूचेच असते. त्याच्या बाहेरील आटे कड्यातील आट्यांशी तंतोतंत जुळावे लागतात. असे एकसारखे आटे कापणारे उत्तम यंत्र इंग्लंडमधील हेन्री मॉडस्ले या कारागिराने १८०० च्या सुमारास तयार केले.

कातारी लाकडाला त्याच्या स्वभावाविरुद्ध वागावयास लावीत नाही. लाकडाला हलण्यापुरती जागा तो ठेवतो, आणि जे हलता कामा नये, ते काम पितळेकडे सोपवितो. म्हणूनच एखाद्या घरातील नातवाने कित्येक वर्षांनी आजोबांच्या कलशाला हात लावला, तरी झाकण दोन बोटांनी सहज फिरते, आणि पुन्हा घट्ट बसते.