आकाशातून आलेली अमानत

चंद्र ज्याने स्वतः पाहिला त्यानेच साक्ष द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना लहानपणीच मिळते. हीच शिकवण ज्यात पदोपदी उपयोगी पडते असा एक छंद आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत: हौशी रेडिओ उपग्रहांचे संकेत ऐकून त्यांचा अर्थ लावणे.

असा पहिला उपग्रह, ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून सोडला गेला. तो मोर्स लिपीत फक्त 'हाय' म्हणत असे. मात्र त्या 'हाय'चा वेग उपग्रहाच्या आतील तापमानाप्रमाणे बदले. घड्याळ लावून वेग मोजला की तापमान कळे. सुमारे तीन आठवडे तो बोलत राहिला आणि २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी श्रोत्यांनी आपल्या नोंदी पाठवल्या.

पुढे संकेतांत आकडे आले. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला ऑस्कर-७ मोर्समध्ये चार-चार आकड्यांच्या सहा ओळी पाठवतो. प्रत्येक आकडा तीन अंकी. '३४२' ऐकू आले तर ३ म्हणजे तिसरी ओळ आणि ४२ हे मोजमाप. ते बनवणाऱ्यांनी दिलेल्या सूत्रात घातले की विजेचा दाब, प्रवाह किंवा तापमान हाती येते. आजचे बहुतेक छोटे उपग्रह हीच माहिती संगणकी भाषेत पाठवतात आणि मोफत मिळणारी सॉफ्टवेअर ती उलगडतात.

ऑस्कर-७ ची कहाणी सब्र शिकवणारी आहे. १९८१ मध्ये बॅटरी बिघडून तो मुका झाला. २१ वर्षांनी, २१ जून २००२ रोजी, इंग्लंडमधील एका हौशी श्रोत्याला जुन्या धाटणीचा मोर्स संकेत ऐकू आला. बॅटरीतील शॉर्ट सर्किट तुटले होते आणि उपग्रह थेट सौर पट्ट्यांवर जागा झाला होता. ऊन असेल तोवरच तो बोलू लागला. कान देणारा कोणी नसता, तर हे कळलेच नसते.

या ऐकण्याची गरज आपल्या विद्यार्थ्यांनाही पडते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी बनवलेला, एक किलोहून हलका 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून अवकाशात गेला. असा उपग्रह एका गावाच्या आकाशात दिवसातून मोजक्याच वेळा येतो, तोही दर खेपेस दहा-बारा मिनिटे. उरलेला वेळ त्याची खबर दूरदेशीच्या अनोळखी श्रोत्यांकडूनच मिळते. बॅटरी उतरत आहे हे एखाद्या अशा नोंदीवरून वेळीच कळले, तर कित्येक वर्षांची मेहनत वाचू शकते.

सुरुवातीला खर्च करायला हवा असे नाही. 'सॅटनॉग्स' या जागतिक जाळ्यावर जगभरच्या केंद्रांनी टिपलेले संकेत कोणालाही ऐकता येतात. उपग्रह जवळ येताना त्याच्या संकेताचा सूर चढा असतो, दूर जाताना उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. स्वतः संदेश पाठवायचा असेल तर मात्र परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावाच लागतो.

नोंद करताना तारीख आणि जागतिक वेळ लिहावी. जो अंक ऐकू आला नाही तिथे रेघ मारावी, अंदाजाने भरू नये. चुकीचा एक आकडा उपग्रह सांभाळणाऱ्यांना चुकीच्या निर्णयाकडे नेऊ शकतो. ऐकलेले जसेच्या तसे मालकापर्यंत पोहोचवणे ही अमानत आहे. सुट्टीत आपली मुले एवढे शिकली, तरी त्यांच्या इल्ममध्ये आणि अखलाकमध्ये इन्शाअल्लाह भरच पडेल.